बायकोच्या संगणकाचा प्रोसेसर

आमच्या घरात संगणक एकच, आणि तो बायकोचा. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण त्या संगणकाला हात लावायचा तर आजही तिला विचारून लावतो. ती चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं करते. घर दोघांचं, टीव्ही दोघांचा, पुढच्या खोलीतली खिडकीखालची ती जागा मात्र तिची.

ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. तिचे वडील आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत चादरीची नक्षी उतरवायचे. त्या चौकोनांप्रमाणे मागावर धागे वर-खाली व्हायचे, त्यामुळे चौकोन चुकला की चादर चुकली. शाळेतून आली की ती वडिलांशेजारी बसून चौकोन भरायची. पुढं हे काम संगणकावर आलं, तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती नोकरीला लागली आणि बरीच वर्षं तिथं डिझाइनं केली. गुडघे फार दुखायला लागल्यावर नोकरी सोडली. तेव्हा मालकांनी ती वापरत होती तो संगणकच घरी पाठवून दिला आणि निरोप दिला, "मॅडम, जमेल तसं घरून करत जा."

त्या संगणकाच्या पाठीला काडेपेटीएवढा करड्या प्लास्टिकचा एक ठोकळा लावलेला आहे. ती त्याला कुलूप म्हणते. डिझाइनचा प्रोग्रॅम सुरू होताना आधी ते कुलूप चाचपतो आणि सापडलं नाही तर उघडतच नाही. कुलूप बसतं जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत, आणि तसली खाच नव्या संगणकांना नसते. प्रोग्रॅम बनवणारे लोक तर कधीच धंदा गुंडाळून बसलेत. म्हणून हा संगणक गेला की तिची सगळी डिझाइनं असून नसल्यासारखी. पेन ड्राइव्हवर ती साठवून ठेवलेली आहेत, पण ती उघडणार कशात?

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा. गावाकडची जमीन माझा थोरला भाऊ बघतो. त्याला आम्ही दोघंही दादाच म्हणतो. त्या हिवाळ्यात दादानं हुरड्याला बोलावलं होतं. आगटीभोवती सगळे बसलेले, कोवळी कणसं भाजली जात होती, आणि ही मात्र बांधावर जाऊन उभ्या ज्वारीकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत ती या शेतात किती तरी वेळा आली असेल, पण अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

दादानं मला विचारलं, "ती काय बघतीया रं तितं? काय हरवलं का?"

मी जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "दोन कणसं सारखी नाहीत की हो. एक असं वाकलंय, दुसरं तसं. पानं पण वेगळी."

"मग?"

"माहेरी आम्ही मोर काढले, वाघ काढले, गुलाब तर रोजचे. ज्वारी कुणी काढली नाही."

परत आल्यावर तिनं ज्वारी काढायला घेतली. साध्या चादरीत नक्षीचा एक कोपरा काढला की पुरतं. तोच कोपरा उलटा-सुलटा करून मशीन बाकीची चादर भरतं. हिला ते नको होतं. सारखी कणसं काढली तर ती ज्वारी कसली, असं तिचं म्हणणं. म्हणून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अख्खं शेत ती एकसलग काढत होती. जुन्या कारखान्याच्या मालकांना तिनं फोनवर सांगितलं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. एका मागावरचा ताणा, म्हणजे चादरीचे उभे धागे, थोडा उरणार होता. तो उतरवायच्या आत डिझाइन आलं तर दोन-तीन चादरी विणून देतो, असं त्यांनी कबूल केलं.

संगणकाला मात्र ते झेपेना. चित्र काढेपर्यंत ठीक होतं. चित्राचे धागे करायचं बटण दाबलं की पडद्यावर ते वाळूचं घड्याळ यायचं आणि तसंच बसून राहायचं. ती बटण दाबून भाकरी करायला जायची, भाकऱ्या झाल्या तरी घड्याळ तिथंच. मग सगळं गोठायचं. माउस हलायचा नाही. बंद करून पुन्हा चालू करावं लागे आणि सकाळपासूनचं काम जाई. असं झालं की ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसे. मला ते बघवत नसे.

मी इंटरनेटवर वाचायला लागलो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो काढून त्याच खाचेत बसणारा जास्त ताकदीचा घालता येतो, असं कळलं. बाकी संगणक तोच, म्हणजे रुंद खाचही तीच आणि कुलूपही तेच. मी तिला सांगितलं.

"चालतंय ते चालू द्या की," ती म्हणाली. "उघडलं आणि बंदच पडलं तर?"

मी विषय सोडला. काही दिवसांनी पुन्हा एकदा काम गेलं. दुपारचा चहा पिताना तीच म्हणाली, "ते मेंदूचं काय म्हणत होता, ते बघा तरी."

नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचे, दाढी पांढरी, बोलणं दखनी. मी मोबाइलवर आमच्या बोर्डाचा फोटो नेला होता. बोर्ड म्हणजे संगणकाच्या पोटातली ती हिरवी पाटी, जिच्यावर सगळं बसवलेलं असतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला.

"हौ सर, बैठता इसमें. सॉकेट एकीच है. पुराना ये दूसरी पीढी का, ये देखो तीसरी का. फरक पडता, लई फरक पडता."

मी तो प्रोसेसर रुमालात गुंडाळून खिशात घातला. बिस्किटाएवढाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर ऑपरेशन मांडलं. बायकोनं टेबलावर जुनी सुती चादर पसरली, शेजारी एका ताटलीत कापूस आणि स्पिरिट ठेवलं. मी पंखा काढला. प्रोसेसरवर पंख्यासकट एक जड धातूचा गठ्ठा असतो, तो चार प्लास्टिकच्या पायांनी बोर्डाला धरलेला असतो. खाली प्रोसेसरची उष्णता गठ्ठ्यापर्यंत पोचवणारं जुनं मलम वाळून चुन्यासारखं झालं होतं. तिनं कापसानं ते पुसलं, एखाद्या मुलाचं गुडघ्यावरचं खरचटलेलं पुसावं तसं, हलक्या हातानं. मी छोटा खटका वर केला, जुना प्रोसेसर उचलला, नवा ठेवला, मलम लावलं, पंखा बसवला. सगळं वाचलं होतं तसंच केलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळाच राहिला, आणि त्यावर एक ओळ तरंगत होती, सिग्नल नाही म्हणून.

मी म्हणालो, "थांब, होईल." आणि मग मी एकदम सगळंच करायला लागलो. मेमरीच्या पट्ट्या काढून रबरानं घासल्या, त्यांच्या जागा बदलल्या, बोर्डावरचा गोल सेल बोटानं दाबून पाहिला, पडद्याची वायर बदलली, हार्ड डिस्कची वायर काढून दुसरीकडं लावली. प्रत्येक वेळी बटण दाबत होतो आणि पडदा काळाच.

शेवटी ती म्हणाली, "अहो, थांबा की जरा. आता काय बदललंय आणि काय जुनं आहे, तुम्हाला तरी सांगता येईल का?"

मी हातातली वायर खाली ठेवली.

"चादरीत डाग यायला लागला की कारखान्यात आम्ही एकच गोष्ट बदलायचो. चार बोटं विणून बघायची. गेला नाही तर ती परत होती तशी करायची, मग दुसरी. सगळं एकदम हलवलं तर डाग जातो कधी कधी, पण कशानं गेला ते कळत नाही. मग तो परत येतो."

मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर हेच सांगत आलो होतो, प्रयोगात एका वेळी एकच बदल. मी तसं म्हणालो तेव्हा ती हसली. "मग करा की," म्हणाली.

आम्ही सगळं पहिल्यासारखं केलं. जुना प्रोसेसर परत बसवला. बटण दाबलं आणि पडद्यावर नेहमीची अक्षरं आली. तिनं लगेच डिझाइनचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. उघडला. ती उठून देवासमोर हात जोडून आली आणि म्हणाली, "आज बास. जेवून घ्या."

म्हणजे दोष नव्या प्रोसेसरमध्ये, असं मी ठरवलं. तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदारांनी तो स्वतःच्या एका उघड्या बोर्डावर बसवला आणि स्क्रूड्रायव्हरनं दोन तारा टेकवल्या. समोरच्या पडद्यावर चित्र आलं.

"चलरा ना सर, देखो. तुमारा बोर्ड नै लेरा इसकू. बोर्ड बदलके देऊं?"

"त्या बोर्डाला जुनी प्रिंटरची खाच असेल का?"

त्यांनी मान हलवली. "वो अब कां मिलती सर."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथं ती दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्रॅम तपासून त्यांतल्या चुका काढते. तिला सगळं सांगितलं. तिनं बोर्डावरचा नंबर विचारला. मी टॉर्च धरली, बायकोनं भिंग धरून एकेक अक्षर वाचून दाखवलं. थोड्या वेळानं मुलीनं परत फोन केला.

"बाबा, सॉकेट तेच आहे, पण तुमचं बोर्ड या प्रोसेसरच्या आधीचं आहे. त्याच्या आतला प्रोग्रॅम जुना आहे, बायोस म्हणतात त्याला. बटण दाबलं की आधी तो जागा होतो आणि काय काय जोडलंय ते ओळखतो. हा प्रोसेसर त्यानं कधी पाहिलेलाच नाही."

"मग काय करायचं?"

"आता जुना प्रोसेसर आहे ना आत? तसाच राहू दे. मी नवा बायोस पाठवते, तो पेन ड्राइव्हवरून बोर्डात भरा. मग नवा प्रोसेसर लावा. पण बाबा, भरताना लाइट जाता कामा नये. मध्येच गेली तर बोर्ड कायमचं जाईल. मग जुना प्रोसेसर पण चालायचा नाही."

फोन स्पीकरवर होता. बायकोनं ते ऐकलं. मुलीला ती म्हणाली, "लाइट जाता कामा नये म्हणे. तू सोलापूर सोडून फार दिवस झाले वाटतं."

ऊन तापायला लागलं होतं आणि लाइट दिवसातून केव्हाही जात होती. आमच्या संगणकाला पूर्वी बॅटरीचा डबा होता, त्याची बॅटरी मरून वर्षं झाली होती. इन्व्हर्टर आमच्याकडं नाही. शेजारच्या वहिनींकडं आहे. वहिनी घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात, त्यांच्या कामाच्या खोलीत पंखा बंद पडून चालत नाही, म्हणून त्यांनी तो बसवून घेतलाय. आमच्या आणि त्यांच्या गॅलरीत मध्ये फक्त कठडा.

बायको आधी नको म्हणत होती. बोर्ड गेलं तर ज्वारीही गेली आणि बाकीचंही गेलं. मी तिच्यावर जोर केला नाही. पण दोन दिवसांनी कारखान्यातून फोन आला, ताणा संपत आलाय, डिझाइन कुठवर आलंय. तिनं फोन ठेवला आणि सरळ गॅलरीत जाऊन वहिनींना हाक मारली.

वहिनींना आमच्या कामातलं काही कळलं नाही, पण लाइट जाता कामा नये एवढं पक्कं कळलं. "मग मी आज मिक्सर लावतच नाही," त्या म्हणाल्या. "चटणी खलबत्त्यात कुटते. तशीच चांगली लागते की."

कठड्यावरून लांब वायर आली. मी त्यांच्याकडं जाऊन इन्व्हर्टरच्या मागचा खटका संगणकाच्या बाजूला केला. त्या बाजूला असला की लाइट जाताच बॅटरी तत्क्षणी सुरू होते, नाहीतर मध्ये क्षणभर खंड पडतो आणि संगणकाला तेवढाही खंड चालत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचा थोडा अभिमानही वाटला.

पेन ड्राइव्ह लावला. निळ्या पडद्यावर इंग्रजीत विचारणा आली, नक्की करायचं का. मी बायकोकडं पाहिलं. तिनं स्वतः पुढं होऊन बटण दाबलं. "माझा आहे," म्हणाली, "मीच दाबते."

एक पट्टी हळूहळू भरायला लागली. आधी जुनं पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं, मग ते तपासलं जातं. पुसून झालं होतं आणि लिहिणं चाललं होतं, म्हणजे त्या घडीला बोर्डात धड जुनं नव्हतं आणि धड नवं नव्हतं. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंद होत थांबला. फ्रिजची घरघर बंद झाली. रस्त्यापलीकडं कुणाचा तरी टीव्ही गप्प झाला.

बायकोनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. आम्ही दोघं पट्टीकडं बघत होतो. ती भरतच होती. बाकी सगळीकडं शांतता, आणि पलीकडून वहिनींच्या खलबत्त्याचा ठोका तेवढा येत होता. नंतर त्या म्हणाल्या की लाइट गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं, त्यांचा पंखा फिरतच होता.

पट्टी भरली. तपासून झालं. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि नेहमीची अक्षरं आली. ती खुर्चीत मागं टेकली आणि काहीतरी तेलुगूत पुटपुटली. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं, माझी आई द्यायची ती शिवी आहे."

दुपारीच आम्ही नवा प्रोसेसर बसवला. या वेळी पडद्यावर त्याचं नाव आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. तिनं ज्वारीचं चित्र उघडलं आणि धागे करायचं बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलं, पण बाजूची टक्केवारी झरझर वर जायला लागली. निम्म्याच्या पुढं गेली आणि संगणक फट्‌दिशी बंद पडला.

पुन्हा चालू केला, चालू झाला. थोडं काम केलं की बंद. मी पुन्हा मेमरीच्या पट्ट्यांकडं हात नेला, तिनं माझ्याकडं पाहिलं, मी हात मागं घेतला.

"कधी बंद पडतो?" तिनं विचारलं.

"काम दिलं की."

"नुसता चालू ठेवला तर?"

ठेवून पाहिला. बंद पडला नाही. काम दिलं की तापतो आणि तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो, हे मग माझ्या लक्षात आलं. पेटी उघडून त्या जड गठ्ठ्याला बोट लावलं तर तो गारच. प्रोसेसर खाली भाजत होता आणि वरचा पंखा त्याला नीट टेकलेलाच नव्हता. चार पायांपैकी एक पाय अर्धवट बसला होता. दाबताना बोर्ड वाकतं, ते मोडेल या भीतीनं मी जोर लावला नव्हता.

मलम पुसून नवं लावलं. बोर्ड पेटीबाहेर काढून टेबलावर सपाट ठेवलं. एक-दोन वेळा मी दाबलं, पाय काही बसेना. तिनं मला बाजूला केलं आणि पोळीच्या कणकेवर टेकवावा तसा तळहात टेकवून दाबलं. कट्‌ असा आवाज आला. मग तिरका समोरचा, मग राहिलेले दोन्ही.

"मोडलं असतं तर?" मी म्हणालो.

"तुमच्यासारखं घाबरत दाबलं तर मोडतं," ती म्हणाली.

संगणक आता बंद पडेना. तिनं प्रोग्रॅमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. आणि पडद्यावर चौकट आली, कुलूप सापडलं नाही.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती रडली नाही, रागावली नाही. उठली, आत गेली आणि भांडी घासायला लागली. खरं तर भांडी घासलेलीच होती. मी तिच्या मागं गेलो आणि दारात उभा राहिलो. म्हणालो, "जुना परत लावतो. पहिल्यासारखं होईल."

"मघाशी चालत होता की," ती पाठमोरीच म्हणाली. "बायोस भरल्यावर आपण ज्वारी उघडली. नव्या प्रोसेसरवर."

ती बरोबर होती. दुपारी नव्या प्रोसेसरवर ज्वारी उघडली होती, म्हणजे कुलूप तेव्हा सापडत होतं. मग त्यानंतर काय बदललं? पंखा बसवला. पंख्याचा आणि कुलुपाचा काय संबंध? आम्ही दोघं टेबलाशी येऊन बसलो आणि दुपारपासून काय काय केलं ते एकेक करून आठवत गेलो. पेटी उघडली. बोर्ड बाहेर काढलं. त्यासाठी सगळ्या वायरी काढल्या. पंखा काढला, मलम पुसलं, पाय बसवले.

"सेल," ती म्हणाली.

बोर्ड टेबलावर ठेवताना तो गोल सेल निसटून सुती चादरीवर पडला होता. तिनंच तो उचलून परत खोचला होता. वेळ, तारीख आणि कुठली खाच कशी चालवायची हे सगळं बोर्डाला त्या सेलच्या जोरावर लक्षात राहतं. सेल निघाला तसं ते विसरलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख फार जुनी दाखवत होता. ते आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं.

त्या निळ्या पडद्यात पुन्हा शिरलो. शोधत शोधत प्रिंटरच्या खाचेची जागा सापडली. तिला चालवायच्या तीन-चार तऱ्हा तिथं दिलेल्या होत्या. कुठली हवी, ते आम्हाला माहीत नव्हतं. पहिली ठेवली, बंद करून चालू केला, चौकट आली. दुसरी ठेवली, पुन्हा चौकट. तिसरी ठेवली. प्रोग्रॅमचं नाव मोठ्या अक्षरात आलं आणि मग तिचं शेत उघडलं. हिरवट पिवळं, एकेक कणीस वेगळ्या अंगानं वाकलेलं.

तिनं मान खाली घातली आणि कामाला लागली. माझ्याशी बोलायलाही तिला वेळ नव्हता. मी टेबलावरचे स्क्रू गोळा केले. एक शिल्लक राहिला. तो कुठला, ते मी तिला विचारलं नाही.

डिझाइन वेळेत पोचलं. मालकांनी बोलावलं म्हणून आम्ही रिक्षानं एमआयडीसीत गेलो. आत मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मागावर चादर बोटबोट वर येत होती, आधी काठ, मग धाटं, मग पानं. एक कामगार हात पुसत येऊन बघून गेला, मग दुसऱ्याला घेऊन आला. बायको मागाजवळ वाकून धागे तपासत होती. तिच्या गुडघ्यांना त्या दिवशी काही झालं नाही.

एक चादर आम्ही दादाला नेऊन दिली. त्यानं ती अंगणातल्या बाजेवर पसरली, हातानं सुरकुत्या काढल्या आणि वाकून एकेक कणीस पाहिलं.

"हुरड्यात हाय की अजून," तो म्हणाला. "दाणा भरला न्हाय."

"मी बघितली तेव्हा तशीच होती, दादा," ती म्हणाली.

"व्हय व्हय, तशीच हुती." मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे वाकल्यालं कणीस हाय नव्हं, ह्याच्यावर पाखरू बसलं असंल. दाखवायला पायजे हुतं." ती खरंच त्याच्यावर विचार करायला लागली आणि परतीच्या एसटीत त्याबद्दलच बोलत होती.

दुसरी चादर तिनं वहिनींना दिली. वहिनी घेईनात. मिक्सर लावला नाही एवढंच तर केलं, म्हणाल्या. शेवटी घेतली आणि त्या दिवशी आमच्याकडं चटणीचा मोठा डबा आला.

तिसरी आमच्याकडं आहे. ती जाड आहे, आणि सोलापूरला तेवढी जाड चादर वर्षातून फार थोडे दिवस लागते. यंदा पौषात गारठा पडला तेव्हा कपाटातून काढली. दोघांनी एकच घेतली, आणि पहाटे जाग आली तेव्हा बहुतेक सगळी तिच्याकडं गेलेली होती.